फेलजामिनापासून पोलीस दाखल्यापर्यंत : बसचालकाच्या चारित्र्याचा इतिहास

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी आमच्या नालवाडीच्या घरी आला. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले, आधी ट्रकवर क्लीनर झाला, मग चालक. आता त्याच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे आणि एसटीत चालक म्हणून लागायचे त्याच्या मनात आहे. हातात एक फॉर्म होता. वरती छापलेले होते, ‘चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना’. नाव, गाव, शाळा, गेल्या काही वर्षांतले पत्ते हे सगळे त्याने नीट भरले होते. पेन अडले होते ते एका प्रश्नापाशी. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला भरला गेला आहे का?

तो वीस वर्षांचा असताना मोहल्ल्यात क्रिकेटवरून मारामारी झाली होती. दोन्ही बाजूंच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. पुढे दोन्ही घरांनी आपसात मिटवले, साक्षीदार कोर्टात काही बोलले नाहीत आणि सगळे निर्दोष सुटले.

“आपा, ‘नाही’ लिहू का? सुटलोच ना मी.”

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला चहा दिला आणि फॉर्म वाचत बसले. वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. वर्गशिक्षिका म्हणून गेली कित्येक वर्षे मी तो भरते. सही मुख्याध्यापकांची, शब्द माझा. आणि तो शब्द एकच : ‘चांगली’. या मुलाच्या दाखल्यावर मी ‘चांगली’ लिहिले होते. त्याच्याच तुकडीत एक मुलगा होता, जो बसमध्ये मुलींना त्रास द्यायचा. दोन मुली माझ्याकडे रडत आल्या होत्या. मी त्याला दम दिला, आईला बोलावले आणि वर्ष संपल्यावर त्याच्याही दाखल्यावर ‘चांगली’ लिहिले. पोराचे नुकसान नको, एवढाच विचार केला.

त्या दुसऱ्या मुलावर कधी गुन्हा दाखल झाला नाही. आज त्याने हाच फॉर्म भरला तर तो बेधडक ‘नाही’ लिहील, आणि ते खरेच असेल.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागले. दुसऱ्यांचा जीव ज्याच्या हातात द्यायचा, त्या माणसाची चौकशी आपल्याकडे कशी होत आली? उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मी आधी शब्दांकडे गेले.

जुन्या मराठी कागदपत्रांत जामिनाचे निरनिराळे प्रकार येतात. ‘हाजिरजामीन’ म्हणजे माणूस बोलावल्यावर हजर होईल याची हमी. ‘मालजामीन’ म्हणजे पैसा बुडणार नाही याची हमी. आणि तिसरा ‘फेलजामीन’, म्हणजे माणूस वागायला नीट राहील याची हमी. ‘फेल’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ कृती, करणी. उर्दूत आपण आजही ‘कौल-ओ-फेल’ म्हणतो, बोलणे आणि वागणे. इंग्रजीतल्या नापास होण्याशी त्याचा काही संबंध नाही.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. हमी कागद देत नव्हता, माणूस देत होता. जामीन राहणारा गावात ओळखीचा असायचा. ज्याच्यासाठी तो उभा राहिला त्याने काही उलटे केले तर जामिनालाही जाब द्यावा लागे. त्यामुळे कोणी कोणासाठी सहजासहजी उभे राहत नसे. या पद्धतीत मोठा दोषही होता. ज्याचे गावात कोणी नाही, ज्याची जात खालची, जो फिरस्ता, त्याला जामीन कुठून मिळणार? तरीही चारित्र्य म्हणजे माणसाने माणसाबद्दल घेतलेली जोखीम, ही समज तिच्यात होती.

इंग्रजी राज्यात ही समज बदलली. माणसाच्या जागी नोंद आली.

१८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, १९११ नंतर तो देशभर लावण्याची सोय झाली. पारधी, कैकाडी, भामटे अशा कित्येक जमातींच्या माणसांची जन्मावरून ‘गुन्हेगार’ म्हणून नोंद होऊ लागली. गाव सोडायचे तर परवानगी, रोज हजेरी, काही ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. माणसाने काय केले हे विचारायची गरजच उरली नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्या जमाती आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्दप्रयोग आणि त्यामागची नजर दोन्ही राहिले. विदर्भातल्या पारधी तांड्यावरच्या तरुणाला विचारा. चोरी कुठेही झाली की चौकशी आधी कुठे येते, हे तो सांगेल.

नोंदीचा दुसरा धागा बोटांच्या ठशांचा. १८९७ साली कलकत्त्यात ठसे जपून ठेवणारे जगातले पहिले कार्यालय सुरू झाले. हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा, यासाठी लागणारे गणित काझी अझीझुल हक यांनी बसवले. हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी. पद्धतीला नाव मात्र मिळाले त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे. ही पद्धत गुन्हेगार जमाती कायद्यापेक्षा एका अर्थाने न्यायाची होती. ठसा जमातीचा नसतो, एकाच माणसाचा असतो. पण तिच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. एकदा नोंद झालेला माणूस गाव बदलून, नाव बदलून नवा होऊ शकेना.

इथे मला पुन्हा एका शब्दापाशी थांबावे लागते. उर्दूत ‘गुनाह’ म्हणजे पाप. कायद्याने शिक्षा होईल अशा कृत्याला उर्दूत ‘जुर्म’ म्हणतात. मराठीने ‘गुनाह’ घेतला, त्याचा ‘गुन्हा’ केला आणि तो पोलीस ठाण्याच्या वहीत बसवला. गुनाहासाठी माणूस तौबा करू शकतो. वहीतल्या गुन्ह्यासाठी तशी सोय नाही. तिथे ‘निर्दोष सुटला’ असे लिहिले गेले, तरी आधीची ओळ पुसली जात नाही.

आता गाड्यांकडे येऊ. मुंबईत १८६३ च्या कायद्याने भाड्याच्या घोडागाड्यांवर परवान्याची पद्धत आली. व्हिक्टोरियावाला, नंतर टॅक्सीवाला, मग बसवाला यांच्या छातीवर बिल्ला आला तो या परंपरेतून. बिल्ल्याचा अर्थ सरळ होता. या माणसाला सरकार ओळखते, तक्रार असेल तर नंबर सांगा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सराईत गुन्हेगाराला किंवा सराईत दारुड्याला परवान्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला मिळाला. १९८८ च्या कायद्यात कलम १९ मध्ये तेच शब्द पुन्हा आले आणि त्यांत अमली पदार्थांच्या व्यसनाची भर पडली. ज्याने दखलपात्र गुन्ह्यासाठी गाडी वापरली, त्याचाही परवाना जाऊ शकतो. मात्र आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, अशी अट त्या कलमात आहे.

आपल्या भागात सार्वजनिक बस आली ती तीन वाटांनी. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्या राज्यात होता. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. पहिल्याच गाडीच्या चालकाचे नाव लोकांनी लक्षात ठेवले, हे मला फार आवडते. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. इथली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या महामंडळात आली आणि महाराष्ट्र झाल्यावर सगळ्यांची मिळून आजची एसटी झाली.

त्याआधी खाजगी मोटारमालकांच्या काळात चालक ठेवला जायचा तो ओळखीवर. अमक्याचा भाऊ, तमक्याचा जावई. म्हणजे फेलजामिनाचीच मोटारीतली आवृत्ती. एसटी आली आणि अनोळखी माणूस अनोळखी माणसांना घेऊन अनोळखी गावी जाऊ लागला. इथे ओळखीची जागा कागदाने घेणे भाग होते. आज बिल्ल्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, नोकरीसाठी साक्षांकन नमुना लागतो, आणि पोलीस ठाण्यातून माहिती मागवली जाते. पोलिसांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. दुसऱ्या जिल्ह्यातला जुना गुन्हाही सापडतो.

ही तपासणी नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या शाळेतल्या मुली एसटीच्या मोफत पासवर खेड्यांतून येतात. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीत कधी कधी त्या दोघी-तिघीच असतात. १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली रात्र आपण विसरलेलो नाही. ते सगळे एका चालत्या खाजगी बसमध्ये घडले आणि त्या बसचा चालक आरोपींपैकी एक होता. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, दिल्लीतच ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला होता. तपासात पोलिसांनी सांगितले की तो बनावट आहे. दाखला मागितला होता, पण तो खरा आहे का हे कोणी विचारले नव्हते.

पण दाखला खरा असला तरी तो काय सांगतो? एवढेच सांगतो की आमच्या वहीत काही नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्यात स्वारगेट आगारातून एका एसटी चालकाने बस बाहेर काढली आणि रस्त्यावर बेभान चालवून नऊ जणांचे जीव घेतले. तो भुरटा चोर नव्हता, महामंडळाच्या नोकरीतला चालक होता. त्याच्या मनाच्या आजाराचा प्रश्न खटल्यात शेवटपर्यंत चर्चेत राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. भरतीच्या वेळचा पोलीस दाखला अशी सकाळ टाळू शकत नाही. ती टाळायची तर चालकाची झोप, पाळ्या, मनाची अवस्था याकडे वर्षभर कोणीतरी पाहावे लागते.

आणि २५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट, पुन्हा स्वारगेट. उभ्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. आरोपी एसटीचा नव्हता, बाहेरचा होता आणि त्याच्यावर आधीचे गुन्हे होते. तिथे चालकाच्या दाखल्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता रात्री उभ्या गाडीचे दार कोण लावतो आणि आगारात कोण फिरतो याचा. सगळा भरवसा एका कागदावर ठेवला की बाकीची दारे उघडी राहतात.

आता दुसरी बाजू पाहू. वहीत नाव आहे, पण माणूस प्रवाशाला धोकादायक नाही, असे किती असतील? एसटीचेच उदाहरण घ्या. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप पाच महिन्यांहून अधिक चालला. ८ एप्रिल २०२२ रोजी मुंबईत शरद पवारांच्या घरासमोर आंदोलन झाले, दगडफेक-चपलाफेक झाली आणि शंभराहून अधिक एसटी कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांनी केले ते बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण घाटात गाडी सांभाळण्याशी त्याचा काय संबंध? ‘कधी अटक झाली का’ या प्रश्नाला मात्र त्या सगळ्यांचे उत्तर आयुष्यभर ‘होय’ असेच राहील.

आमच्या समाजात हा प्रश्न आणखी दुखतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. तोवर कित्येक वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांच्यापैकी कोणी उद्या असा फॉर्म भरला तर? म्हणून आमच्याकडे पोलीस पडताळणी म्हटले की निर्दोष पोराच्या आईच्याही पोटात गोळा येतो. आणि म्हणूनच ‘नाही’ लिहून मोकळे व्हायचा मोह होतो.

न्यायालयांनी या गाठीवर बराच विचार केला आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली पोलिसांतल्या भरतीचे एक प्रकरण आले. उमेदवार विशीत असताना भांडणाच्या खटल्यात होता, तडजोड होऊन सुटला होता आणि ते त्याने अर्जात लिहिले नव्हते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तरुणपणी माणसाकडून चुका होतात, त्यासाठी जन्मभर शिक्का मारू नये, असा त्याचा सूर होता. भाकरीच्या चोरीसाठी आयुष्यभर पाठलाग झालेल्या व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ वालज्याँची आठवण त्या निकालात काढली आहे.

पण वेगवेगळे निकाल वेगवेगळे बोलत होते. म्हणून २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नियम नीट मांडले. त्यातले मला समजले ते असे. उमेदवाराने विचारलेली माहिती खरी द्यावी, लपवू नये. लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, उदाहरणार्थ तरुणपणी दिलेल्या घोषणा, तर नोकरी देणारा ती माफ करू शकतो. गुन्हा गंभीर असेल तर नोकरी नाकारता येते. निर्दोष सुटका तांत्रिक कारणाने झाली असेल तर पूर्ण प्रकरण पाहता येते. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असे नाही, तरी विचार पदाला धरून व्हावा. आणि शेवटचे महत्त्वाचे : फॉर्ममधले प्रश्न मोघम नकोत. जे स्पष्ट विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून शिक्षा नको. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वेगळी तरतूद आहे. काही गंभीर अपवाद सोडले तर त्या वयातल्या दोषसिद्धीमुळे पुढे अपात्रता येत नाही.

हे सगळे वाचून मी अंगणात आले तेव्हा मला आमच्याच गावाची आठवण झाली. २३ डिसेंबर १९३२ रोजी विनोबा नालवाडीत राहायला आले. वर्ध्यापासून दोन मैलांवरची ही वस्ती तेव्हा मुख्यतः दलितांची होती. त्याच वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. गीतेवरची त्यांची प्रवचने तिथलीच, साने गुरुजींनी उतरून घेतलेली. म्हणजे आमच्या गावाचा सर्वांत मोठा रहिवासी नुकताच तुरुंगातून सुटून आलेला होता. त्या वर्षी त्यांच्यापुढे हा फॉर्म ठेवला असता तर दोन्ही प्रश्नांना त्यांना ‘होय’ लिहावे लागले असते. पुढे १९६० मध्ये हेच विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि वीसेक बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांना तुरुंगातून सोडवले नाही. शिक्षा भोगा म्हणाले, पण शिक्षेनंतरचा माणूस वेगळा असू शकतो यावर त्यांचा विश्वास होता. जुन्या भाषेत सांगायचे तर ते त्यांचे फेलजामीन झाले.

याचा अर्थ बागीला बस चालवायला द्या असा नाही. दारू पिऊन गाडी हाकणारा, बाईला छेडणारा, माणूस चिरडून पळणारा यांना स्टिअरिंगवर बसवू नका. त्याबाबतीत मी कोणाचीही आई, कोणाचीही शिक्षिका नाही. पण नोंदीतून प्रवाशाच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट वेचून काढायला माणूस लागतो. तो माणूस कुठे आहे? भाड्याच्या शिवशाहीत बस मालकाची, चालक त्याचा, वाहक एसटीचा. तिथे चालकाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे प्रवाशाला कोण सांगणार? एसटी पंचवीस वर्षे विनाअपघात गाडी चालवणाऱ्या चालकांचा सत्कार करते. माझ्या मते खरा चारित्र्याचा दाखला तो आहे, कारण तो एका दिवशी पोलीस ठाण्यात मिळत नाही.

त्या रविवारी मी त्याला म्हणाले, “बेटा, ‘होय’ लिही. खाली केस नंबर लिही, निकालाची तारीख लिही, निकालाची नक्कल जोड.”

“आणि त्यांनी काढून टाकले तर?”

“मग आपण अवतार सिंगचा निकाल घेऊन जाऊ. पण ‘नाही’ लिहून लागलास, तर दर वेळी साहेबांनी बोलावले की तुझा पाय ब्रेकवर जाईल.”

तो हसला आणि त्याने ‘होय’ लिहिले. हात थोडा थरथरला. मग त्याने ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे कोणाची लिहू असे विचारले. एक नाव माझे लिहिले. या वेळी मी ते लिहू देण्याआधी विचार केला. रागीट आहे का? आता नाही. दारू? नाही. शाळेत असताना बसमध्ये त्या दोन मुलींसाठी उठून भांडला होता तो हाच. त्याबद्दलही मी त्याला रागावले होते.

अजून उत्तर आलेले नाही. शाळेचे वर्ष संपत आले आहे आणि टेबलावर कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा आहे. ‘वर्तणूक’ या रकान्यापाशी यंदा मला वेळ लागतो आहे.